शंभर सेंटीमीटरची गोल सुई

वहिनींचा उजवा हात मंगळवारी मोडला आणि बुधवारी संध्याकाळी साहेबांनी शाल विणायला घेतली. मधल्या दीड दिवसात त्या घरात एकच महत्त्वाची गोष्ट घडली, ती म्हणजे विहीणबाईंचा फोन.

साहेब म्हणजे मोजणीसाहेब. छत्तीस वर्षं भूमापन खात्यात लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेले. त्यांची बायको ही अख्ख्या इमारतीची वहिनी. हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे वहिनींनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला होता, आणि म्हणून विहीणबाईंचं बोलणं साहेबांच्याही कानावर पडलं.

"हाताला जपा हो. त्या शालीचं मुळीच मनावर घेऊ नका. बाजारात हल्ली किती छान छान मिळतात. मीच आणते एखादी."

आता यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? शब्दाशब्दातून माया ठिबकत होती. पण 'बाजारात' हा शब्द विहीणबाईंनी असा काही उच्चारला, की वहिनींचा चेहरा हाताच्या प्लास्टरपेक्षा पांढरा झाला. अडीच महिन्यांनी लेकीला पहिलं बाळ होणार होतं, आणि ते आजीच्या हातच्या जाळीदार शालीतच गुंडाळलं जाईल असं वहिनींनी सहा माणसांच्या देखत सांगून ठेवलं होतं. त्या सहांत विहीणबाई होत्या. विहीणबाई स्वतः विणकामातल्या जाणकार. दुसऱ्याच्या अंगावरचा स्वेटर बघताना त्या माणसाकडे बघतच नसत, शिवणीकडे बघत.

फोन संपल्यावर वहिनी बराच वेळ गप्प बसून राहिल्या. साहेबांना बायकोच्या बोलण्याची सवय होती, गप्प बसण्याची नव्हती. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी टेबलावरचा चौकटींचा कागद उचलला.

"हा कुठला नकाशा?"

"शालीचा आलेख आहे तो. ठेवा खाली."

"रिकामा चौकोन म्हणजे काय?"

"सुलट टाका."

"आणि गोल?"

"दोरा सुईवरून घ्यायचा. तिथे जाळीचं भोक पडतं."

"तिरकी रेघ?"

"दोन टाके एकत्र."

"म्हणजे जमीन, विहीर आणि पायवाट," साहेब म्हणाले. "छत्तीस वर्षं दुसरं काय केलं मी? मीच विणतो ही शाल."

वहिनी हसल्या. इतक्या हसल्या की प्लास्टरमधला हात ठणकू लागला, मग त्या कळवळल्या, आणि कळवळता कळवळता पुन्हा हसल्या. साहेबांनी तो होकार धरला.

सुलट टाका त्यांना दोन दिवसांत आला, उलट टाका चार दिवसांत. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर खूश झाला असता, पण साहेब पट्टी घेऊन बसत आणि टाक्यांची रुंदी तपासत. एखादा टाका बाकीच्यांपेक्षा अर्धा मिलीमीटर जास्त निघाला, की त्याने अतिक्रमण केल्यासारखे त्याच्याकडे बघत.

खरी अडचण आली ती शालीचे दोनशे एक टाके सुईवर घालताना. वहिनींच्या सुया सरळ, लांब, मागे बोंड असलेल्या. त्यांच्यावर सव्वाशे टाके सुखाने बसले. उरलेले टोकावरून एकेक करून खाली उड्या मारू लागले. साहेब पुढून टाके पकडायचे तोवर सुईची मागची बाजू कुठे जातेय याकडे लक्ष कोण देणार? ती गेली समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंच्या चष्म्यात. काकू वहिनींची विचारपूस करायला आल्या होत्या आणि त्यांनी साहेबांच्या शेजारी सोफ्यावर बसण्याचं धाडस केलं होतं. चष्मा सुईच्या बोंडात अडकून हवेत लोंबकळला.

"अहो, गोल सुई घ्या गोल सुई," काकू चष्मा सोडवत म्हणाल्या. "आमच्या जाऊबाई गोल सुईने विणायच्या. कुणाच्या डोळ्यांत कधी गेली नाही."

"सुई गोल असेल तर टोचेल कशी?" साहेबांनी विचारलं.

"दोन छोट्या सुया असतात, मधे लवचीक तार," वहिनी म्हणाल्या. "सगळे टाके त्या तारेवर मावतात. दुकानातल्या बाईंना विचारा, त्या सांगतील."

विचारा, त्या सांगतील! साहेबांना हे वाक्य लागलं. आयुष्यभर लोक त्यांना विचारायला आले होते.

लोकरीच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, "केबल किती सेंटीमीटरची देऊ?" आणि साहेबांच्या अंगात एकदम जुनं वारं संचारलं. सेंटीमीटर हा त्यांच्या घरचा शब्द. भिंतीवर चाळीस, साठ, ऐंशी, शंभर अशा क्रमाने सुया टांगलेल्या होत्या. बाळ लहान, शाल लहान, तेव्हा सुई लहान हे उघड होतं. त्यांनी चाळीस मागितली.

"शालीला शंभर घ्या, निदान ऐंशी," बाई म्हणाल्या. "चाळीसवर टोप्या विणतात."

"बाई," साहेब सौम्यपणे म्हणाले, "लांबी-रुंदीचं मला कोणी सांगू नये अशी माझी विनंती आहे."

दुकानातल्या बाईंनी एकवार त्यांच्याकडे बघितलं आणि चाळीस सेंटीमीटरची बांबूची सुई मुकाट्याने कागदात बांधून दिली. गिऱ्हाईक पुन्हा येणार हे ज्यांना कळतं, ते वाद घालत नाहीत.

घरी आल्यावर साहेबांनी दोनशे एक टाके त्या आखूड तारेवर कोंबून कोंबून बसवले. बसवल्यावर पहिला टाका आणि शेवटचा टाका एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभे राहिले. आता गोल सुई आहे, टोकं समोरासमोर आलेली आहेत, तेव्हा पुढे गोल गोल जायचं, यात शंकेला जागा कुठे होती? वहिनींनी तोंड उघडलं.

"मधे बोलू नका," साहेब म्हणाले. "टाके चुकतात."

वहिनींनी तोंड मिटलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. नवऱ्याची प्रत्येक आज्ञा पाळायची नाही, पण जी पाळल्याने मजा येईल ती जरूर पाळायची, असा त्यांचा शिरस्ता होता. पाच दिवस त्या पुस्तक डोळ्यांसमोर धरून बसल्या आणि पुस्तकाच्या कडेवरून बघत राहिल्या.

सहाव्या दिवशी अकरा सेंटीमीटर काम झालं. काकू चौकशीला आल्या, या वेळी समोरच्या खुर्चीत बसल्या, आणि विणलेलं हातात घेऊन त्यांनी त्यात एका बाजूने हात घातला. हात दुसऱ्या बाजूने बाहेर आला.

"हे काय, पायमोजा?" काकूंनी विचारलं. "बाळाचं वजन किती सांगितलंय डॉक्टरांनी?"

साहेबांनी नळीकडे बघितलं. चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. ती नळीच होती. आणि नुसती नळी नव्हती. सुरुवातीला कुठेतरी टाके उलटे फिरले होते, त्यामुळे नळीला एक पीळही बसला होता. हिच्यात बाळ गुंडाळायचं तर बाळालाच पिळावं लागलं असतं.

"तुम्ही बघत होतात?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"पाच दिवस."

"मग बोलला का नाहीत?"

"टाके चुकले असते ना," वहिनी म्हणाल्या.

ती दुपार उसवण्यात गेली. साहेब ओढत होते, वहिनी डाव्या हाताने गुंडा करत होत्या, आणि मधे मधे एकेक सूचना देत होत्या. सुई गोल म्हणून गोल जायचं नसतं. टोकापर्यंत जायचं, काम फिरवायचं, परत यायचं. तार फक्त ओझं सांभाळायला, शाल मांडीवर पडून राहायला. साहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि पहिलीच्या वर्गात पुन्हा नाव घातल्यासारखा चेहरा केला.

शंभर सेंटीमीटरची सुई आणायला आता त्याच दुकानात जावं लागणार होतं. साहेब गेले नाहीत. दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा गेले, दोन्ही वेळा काचेतून बाईंची मान वर झाली आणि साहेबांना दुसरीकडे काम निघालं. शेवटी त्यांनी एका छापील यादीतून परगावची सुई टपालाने मागवली. साधी नव्हे, सुट्या टोकांची. स्टीलची टोकं वेगळी, केबल वेगळी. टोक फिरवून केबलला बसवायचं आणि सोबतच्या बारीक किल्लीने घट्ट करायचं.

पार्सल आठ दिवसांत आलं आणि टपाल कचेरीत अडकून बसलं. खिडकीवरच्या बाईंनी पावती वाचली.

"सुया आहेत यात."

"हो."

"सुयांना डॉक्टरांचं पत्र लागतं." त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे पेन दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं: सुया, सिरिंज व तत्सम वस्तू, वैद्यकीय पत्राशिवाय मिळणार नाहीत.

"या विणायच्या सुया आहेत. गोल."

"सुई गोल असेल तर टोचेल कशी?" बाई म्हणाल्या.

साहेब खिडकीवर वाकले. मग त्यांनी केबल, टाके, जाळी, नातवंड असं सगळं क्रमाने सांगितलं. मागे रांग वाढत होती. रांगेतल्या एका गृहस्थांनी सांगितलं की त्यांच्या आईला गुडघ्यात अशाच सुया द्यायचे. दुसरे म्हणाले, पार्सल इथेच फोडून दाखवा. पार्सल फोडायला ताबा लागतो आणि ताब्याला पत्र लागतं, असं बाई म्हणाल्या. हे साहेबांना मनापासून पटलं, हीच तर खरी अडचण होती. त्यांनी स्वतः छत्तीस वर्षं लोकांना असंच परत पाठवलं होतं, आणि इतक्या चोख उत्तराला विरोध करणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

त्यांच्या इमारतीत डॉक्टर म्हणावा असा एकच माणूस होता: तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर. त्यांनी हकिगत ऐकली, गंभीर चेहऱ्याने लेटरहेड ओढलं आणि लिहिलं:

'सदर रुग्णास विणकामाची जुनाट नसली तरी तीव्र बाधा झाली असून त्यांना गोल सुई, शंभर सेंटीमीटर, दिवसातून दोन वेळा जेवणानंतर घेणे आवश्यक आहे. सुई न मिळाल्यास घरच्यांच्या प्रकृतीवर परिणाम संभवतो.'

साहेबांनी न वाचता पाकीट खिडकीतून आत सरकवलं. बाईंनी वाचलं, शिक्का मारला, पत्र फाइलला लावलं आणि पार्सल देताना हळूच विचारलं, "फार त्रास होतो का हो?"

आता सुई शंभरची होती, टाके मोकळे बसत होते, तरी एक नवीन दुखणं निघालं. जिथे स्टीलचं टोक केबलला जोडलं होतं तिथे किंचितशी कड होती, आणि दोऱ्यासारखी बारीक लोकर प्रत्येक टाक्याला तिथे अडत होती. साहेबांनी त्यावर साबण लावून बघितला, मेण लावून बघितलं. शेवटी पुन्हा डॉक्टर. त्यांनी साहेबांना दवाखान्याच्या खुर्चीत बसवलं, दिवा डोक्यावर ओढला, सुईचा सांधा चिमट्यात धरला आणि दात चमकवायच्या यंत्राने दोन मिनिटं घासला. बाहेर वाट बघणाऱ्या पेशंटांना नुसता आवाज ऐकू येत होता. साहेब हसतमुखाने बाहेर आलेले बघून त्यांतल्या दोघांना फार धीर आला.

"टोक काढलंय, आता किल्लीने घट्ट बसवा," डॉक्टर म्हणाले.

किल्ली, साहेबांच्या मते, मनगटात जोर नसलेल्यांसाठी होती. त्यांनी हातानेच टोक पिळून बसवलं.

आणि मग शाल सुरू झाली. खरोखरच सुरू झाली. दिवसाला सहा ओळी. सकाळी तीन, दुपारी तीन. पांढऱ्या जाळीत एकामागून एक पानं उमटू लागली, सगळी उजवीकडे कललेली, वाऱ्यावर झुकल्यासारखी. पहिल्यांदा साहेब पडदा ओढून विणत, मग पडदा अर्धा उघडा ठेवून, मग सरळ गॅलरीत बसून. खालून जाणाऱ्यांनी वर बघितलं तर स्वतःच हाक मारून सांगत, "लांब केबल घ्यावी! चाळीसच्या फंदात पडू नये!" लोकांना काही कळत नसे, पण ते मान डोलावत.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "दर पंचवीस ओळींनी टाक्यांमधून एक रंगीत दोरा ओवून ठेवा. चुकून टाके निसटले तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवतं, पुढे जात नाही. जाळीला सगळे घालतात."

"मी खोडरबर जवळ ठेवून नकाशा काढला नाही कधी," साहेब म्हणाले.

वहिनी बरं म्हणाल्या.

मधल्या काळात वहिनींचं प्लास्टर उतरलं, पण महिनाभर बारीक काम करायचं नाही असं डॉक्टरांनी, म्हणजे हाताच्या डॉक्टरांनी, बजावलं. त्यामुळे शाल साहेबांकडेच राहिली. एकशे त्रेसष्टावी ओळ चालू असताना सकाळी दहा वाजता जावयाचा फोन आला. दिवस पुरे व्हायला दोन आठवडे होते, पण लेकीला दवाखान्यात नेलं होतं. साहेब ताडकन उठले. मांडीवरची शाल खुर्चीच्या हाताला अडकली, ओढ बसली, आणि हाताने पिळून बसवलेलं टोक केबलपासून फिरून सुटलं.

दोनशे एक टाके. मोकळ्या केबलवरून ते एकामागून एक खाली निघाले. शाळा सुटल्यावर निघतात तसे. साहेबांनी घाबरून शाल वर उचलली. वजनाने टाके आणखी निसटले. एक ओळ गेली, दोन गेल्या, पानांच्या देठांची जाळी विरघळत चालली. साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी येऊन आपल्याला काय करायचं ते सांगावं.

"हलू नका," वहिनी म्हणाल्या. "आहात तसेच उभे राहा."

टाके सुटत सुटत खाली आले आणि एका रेषेवर येऊन थांबले. तिथे, पांढऱ्या लोकरीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल दोरा होता. प्रत्येक टाका त्या दोऱ्यात पाय घट्ट रोवून उभा.

साहेबांनी लाल दोऱ्याकडे बघितलं. मग वहिनींच्या उजव्या हाताकडे, जो अजून नीट वळत नव्हता.

"हा कधी घातलात?"

"तुम्ही केस कापायला गेला होतात तेव्हा. काकूंनी शाल धरली."

"दोनशे एक टाक्यांतून? या हाताने?"

"डाव्याने. तुम्हाला केस कापायला फार वेळ लागत नाही, नाहीतर आणखी एक घातला असता. आता चपला घाला. टॅक्सी बोलवायचीय."

त्या दिवशी संध्याकाळी मुलगी झाली. दोघीही सुखरूप. साहेबांनी नात बघितली, ती कुठल्याही पट्टीत न बसणारी एवढीशी होती, आणि घरी येऊन त्यांनी सर्वात आधी ती बारीक किल्ली शोधून काढली. उरलेल्या ओळी बारा दिवसांत झाल्या. शाल कोमट पाण्यात भिजवली, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढलं, मग पलंगावर ताणून कडेकडेने टाचण्या मारल्या. सुकल्यावर आक्रसलेली जाळी अशी उमलली की काकू तर दारातच बघत उभ्या राहिल्या, आत येईनात.

शाल घेऊन दोघं लेकीकडे गेली. विहीणबाईंनी सुपात तांदूळ निवडायला घ्यावेत तशी ती मांडीवर घेतली, मग उठून खिडकीशी गेल्या आणि उजेडाकडे धरली. त्यांची नजर ओळीओळीने खाली उतरू लागली. जावयानेसुद्धा श्वास धरला होता. त्याच्या लहानपणीचे सगळे स्वेटर आईच्या हातचे, त्यामुळे हा क्षण किती गंभीर आहे हे त्याला ठाऊक होतं.

"सुरेख," विहीणबाई म्हणाल्या. "फारच सुरेख." आणि थांबल्या. "इथे मात्र एक पान डावीकडे कललंय."

सगळ्यांनी बघितलं. सदतिसाव्या ओळीच्या आसपास, उजवीकडे झुकलेल्या शेदीडशे पानांत एक पान निवांत डावीकडे मान टाकून बसलं होतं.

"हो हो," वहिनी घाईने म्हणाल्या. "माझंच लक्ष नव्हतं. हात दुखत होता ना."

"अहो, मोडलेल्या हाताने एवढं केलंत, हेच खूप झालं," विहीणबाई म्हणाल्या आणि शालीची घडी घालू लागल्या.

प्रकरण इथे मिटलं होतं. साहेबांनी काहीच न बोलता बसून राहायचं होतं, एवढंच. कुणाची मान खाली गेली नव्हती, वहिनींचा शब्द राहिला होता. पण साहेबांना बसवेना. मागे कधीतरी एका शेतकऱ्याच्या बांधाची मोजणी फूटभर चुकली होती, तेव्हा त्यांनी मोजणीच्या साखळीला दोष दिला होता. ती साखळी का कोण जाणे आत्ता आठवली. ते उठून उभे राहिले.

"ती चूक माझी आहे," साहेब म्हणाले.

"म्हणजे?" विहीणबाई वळल्या.

"ते पान मी विणलंय. रेघ उजवीकडची, मी डावीकडची धरली. का कशी, माहीत नाही. चुकलं."

लेक आईकडे बघायला लागली. आपल्या वडिलांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द स्वतःबद्दल तिने यापूर्वी ऐकला नव्हता.

"आणि बाकीची पानं?" विहीणबाईंनी विचारलं.

"बाकीचीही मीच," साहेब म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

विहीणबाईंनी घडी पुन्हा उलगडली. या वेळी त्यांनी शालीकडे कमी आणि साहेबांकडे जास्त बघितलं. मग पाळण्यापाशी गेल्या, नातीला उचललं, शालीत गुंडाळलं, आणि गुंडाळताना ते डावीकडचं पान बरोबर वर, बाळाच्या छातीवर येईल असं बघून घेतलं.

"हे दिसायला हवं," त्या म्हणाल्या. "नाहीतर लोक म्हणतील मशीनवरची आहे. बाजारातली."

वहिनींनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना एकदम काहीतरी फार महत्त्वाचं बघायचं होतं.

नातीलाही आपलं मत नोंदवायचं असावं. तिने डोळे मिटले, मूठ आवळली, चेहरा लाल केला, आणि शालीच्या खालच्या भागातून एक ऊबदार ओल पसरत विहीणबाईंच्या बाहीपर्यंत पोचली. "अगं बाई!" लेक ओरडली. जावई टॉवेल आणायला धावला आणि पडदा घेऊन आला.

"कोणी चोळू नका! पिळू नका!" साहेबांनी शाल ताब्यात घेतली. "कोमट पाणी आणा. टाचण्या किती आहेत घरात? आणि एक पलंग लागेल."

सर्वात मोठा पलंग विहीणबाईंचा होता. पंधरा मिनिटांत त्यावरची चादर, उशा आणि पुस्तकं खाली गेली आणि ओली शाल चारी बाजूंनी ताणली गेली. साहेब एका कडेला गुडघ्यांवर, विहीणबाई दुसऱ्या कडेला गुडघ्यांवर, दोघांच्या मधे मोजायची टेप. साहेब एकेक टाचणी मारत होते, पट्टीने अंतर बघत होते, स्वतःशीच आकडे पुटपुटत होते.

"तुमच्या बाजूला दोन मिलीमीटर जास्त आहे," विहीणबाई म्हणाल्या.

दारात उभ्या असलेल्या वहिनींनी श्वास रोखला.

साहेबांनी मान तिरकी करून बघितलं. खरंच होतं. त्यांनी टाचणी काढली आणि दोन मिलीमीटर आत मारली.